गोळीआधीचा घास

धुलाईच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की बाकीच्या बायका डबे उघडत, आणि ताई डब्याच्या झाकणावर फोन ठेवून त्याच्याकडे बघत बसे. सकाळपासून हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे अभ्रे इस्त्रीच्या गरम रुळांखालून काढून काढून बोटांची टोकं भाजल्यासारखी झालेली असत. पोटात पहाटेच्या पाण्याखेरीज काही नसे. तरी झाकण उघडायचं नाही. धाकट्या भावाचा, बापूचा, फोन आला आणि तो 'घेतली' म्हणाला की मगच पहिला घास.

"ताईंचा परवाना आला का गं?" घड्या घालणारी मावशी विचारी.

"येईल आता."

"तोवर वास तरी घ्या. वासाला मनाई नाही ना तुमच्या व्रतात?"

ताई हसे. थट्टा करणाऱ्या या मावशीनेच एकदा तिला रुळांच्या यंत्रापासून ओढून बाजूला घेतलं होतं. त्या दिवशी दुपार कलली तरी बापूचा फोन आला नव्हता, आणि ताई घेरी येऊन उभ्याची खाली बसली होती. त्यानंतर मात्र बापूचा फोन कधी लांबला नाही. इकडे भोंगा, की तिकडून फोन. भाऊ असावा तर असा, असं बायका म्हणत.

"घेतली का रे?"

"घेतली. जेव तू."

एवढंच बोलणं. मग ती डोळे मिटून देवाचं नाव घेई आणि झाकण उघडी.

बापूला आकडी येई. लहानपणी कधी काही नव्हतं. चांगला कर्ता झाल्यावर, लग्न झाल्यावर, एका सकाळी जिन्यात पडला आणि कपाळ फुटलं. दोन वेळच्या गोळ्या सुरू झाल्या. रात्रीची गोळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. प्रश्न सकाळच्या गोळीचा. ताईची पाळी पहाटेची, ती निघे तेव्हा बापू झोपलेला असे, आणि एकदोनदा त्याने सकाळची गोळी विसरून पुन्हा आकडी ओढवून घेतली होती. तेव्हा ताईने देवापुढच्या दिव्याशी शब्द दिला, की याने सकाळची गोळी घेतल्याचं कळेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. तिची इतरही व्रतं होती. पहाटे देवापुढे दिवा लागेपर्यंत कुणाला कठोर बोलायचं नाही, रोजचं वाचन झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही. ती तिला जड जात नसत, श्वासासारखी होऊन गेली होती. हे एक मात्र रोज नव्याने उचलावं लागे.

आणि तरीही आकडी येतच होती. महिना दीड महिना बरा जाई, वाटे की सुटलो, आणि मग भावजय फोन करी, "वन्सं, आज पुन्हा झालं." प्रत्येक वेळी ताई आपल्यातच खोट शोधी. आपलंच काहीतरी कमी पडतंय. तिने आधी साखर सोडली. पुढच्या आकडीनंतर चहा सोडला. त्याच्या पुढच्या वेळी संध्याकाळचं खाणं सोडलं. भावजय ताटं वाढताना हे बघे, काहीतरी बोलायला तोंड उघडी, आणि ताईच्या ताटात आणखी एक पोळी टाकी.

बापू कवळ्या करायचा. गावातले दंतवैद्य तोंडांचे साचे घेऊन पाठवत, आणि बापू ज्या कारखान्यात कामाला होता तिथे त्या साच्यांवर मेणाची हिरडी घडवून तिच्यात एकेक दात बसवला जाई. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या मागची लांबट खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, पात्याएवढ्या बारीक सुऱ्या आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. वरच्या दाताला खालचा दात केसाएवढाही चुकीचा टेकून चालत नाही. बापूच्या हाताला ते जमे. त्याच्या कवळ्या घालून म्हातारी माणसं फोटो काढून घेत, असं मालक सांगायचा.

"आमच्या बापूनं दात बसवले की माणूस हसायला कारणं शोधतो," मालक म्हणे, आणि स्वतःच हसे. त्याचे स्वतःचेही बापूनेच बसवलेले होते.

त्या दिवशी भोंगा झाला, फोन आला, 'घेतली' झालं, ताई जेवली. पाळी सुटायच्या आधी फोन पुन्हा वाजला. बापूचा मालक होता.

ती पोचली तेव्हा बापू जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. भावजय शेजारी उकिडवी बसून त्याच्या केसांतली प्लास्टरची धूळ झटकत होती. आकडी टेबलाशी बसलेला असतानाच आली होती. दिवा कलंडला, बाहीने पेट घेतला, मालकाने टॉवेल टाकून विझवलं. मनगटापासून कोपरापर्यंत चामडी लाल झाली होती. कुणाचा तरी खालचा जबडा जमिनीवर पडून फुटला होता, आणि त्यातले दोन दात टेबलाच्या पायापाशी अजून चमकत होते.

"कुणाचे होते?" ताईने विचारलं. तिला दुसरं काही सुचेना.

"एका मास्तरांचे," बापू म्हणाला. त्याची जीभ अजून जड होती. "परवा द्यायचे होते. नातवाचं लग्न आहे त्यांच्या."

"मास्तर पातळ खातील दोन दिवस," मालक म्हणाला. मग तो ताईला बाजूला घेऊन गेला. "ताई, माणूस सोन्यासारखा आहे, मी नाही म्हणत नाही. पण दिव्यापाशी कसा बसवू याला? आज मी इथे होतो म्हणून बरं. डॉक्टरांनी लिहून दिलं तर बसवतो. नाहीतर पार्सलं पोचवायचं काम देतो, तेवढाच पगार."

"म्हणजे रस्त्यात पडलो तर चालेल," बापू खालूनच म्हणाला.

"रस्त्यात स्पिरिट नसतं रे बाबा."

बापूने आपला चांगला हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं पसरून बघत बसला, जणू ती कुणी उसनी दिली होती आणि आता परत मागितली होती.

दवाखान्यात रक्त काढून झालं. दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी बोलावलं. बाहेर बरीच माणसं होती आणि बाई सकाळपासून उठल्या नसाव्यात, त्यांच्या टेबलावर चहाच्या कपावर साय धरली होती. तिघंही आत गेली. बापू, भावजय आणि खुर्ची नको म्हणून उभी राहिलेली ताई.

"रक्तात औषध फारच कमी दिसतंय," बाई म्हणाल्या. "असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. गोळ्या चुकतात का?"

"नाही," बापू म्हणाला.

"सकाळच्या?"

"नाही."

"चुकायचा प्रश्नच नाही हो, डॉक्टर," ताई हळू आवाजात म्हणाली. तिला स्वतःच्या व्रताबद्दल परक्यापाशी बोलणं आवडत नसे, पण भावाच्या शब्दावर शंका आली होती. "त्याने सकाळची घेतल्याचा फोन आल्याशिवाय मी जेवत नाही. इतकी वर्षं झाली. एक दिवस खाडा नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग बापूकडे. बापू टेबलावरच्या कपाकडे बघत होता. भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"असं म्हणता," बाई म्हणाल्या. "मग शरीर औषध लवकर संपवतंय म्हणायचं. काहींचं होतं तसं. डोस वाढवावा लागेल. उद्या सकाळपासून जवळजवळ दुप्पट. गुंगी येईल, हात थरथरतील. दिव्यापाशी बसायचं मला सध्या तरी लिहून देता येणार नाही. आणि या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, कमी करायच्या नाहीत. तसं केलं तर एकामागून एक आकड्या येतात, त्यात माणूस जातो. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," बापू म्हणाला.

परतताना तिघंही चालत आली. ताई मनातल्या मनात शोधत होती, आता आणखी काय सोडावं. सोडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईने रजा घेतली. वाढवलेल्या गोळीच्या पहिल्या दिवशी आपण घरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं. दिवा लावून, वाचन करून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा भावजयीने पाट मांडून ताट वाढलं होतं. एकच ताट.

"बसा, वन्सं. खाऊन घ्या."

"अगं, बापूची गोळी व्हायची आहे अजून. आंघोळीला गेलाय."

"म्हणूनच म्हणते. तो बाहेर यायच्या आत दोन घास खा."

ताईला वाटलं, हिला रात्रभर झोप नसेल, काय बोलते ते हिला कळत नाहीये. ती म्हणाली, "तुला माहीत नाही का माझं?"

"मला तुमचं माहीत आहे." भावजयीने गॅस बंद केला. तिने ताईकडे पाहिलं नाही, तव्याकडे पाहत बोलली. "आज तुम्ही घरात आहात. म्हणजे आज तो खरंच घेईल. दुप्पट. आणि तुम्ही उद्या कामावर गेलात की उद्या घेणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या ना त्यात माणूस जातो. वन्सं, मी दमले हो. तुमच्यापुढे खोटं धरून ठेवायला मला आता जमत नाही."

"खरंच घेईल म्हणजे?"

भावजयीने तवा उतरवून बाजूला ठेवला.

ताई पाटावर बसली. मग सुट्टीचे दिवस तिच्या डोळ्यांपुढे आले. सुट्टीच्या दिवशी बापू तिच्यासमोर गोळी घ्यायचा आणि दुपारभर मेल्यासारखा झोपायचा, उठून चहाचा कप धरला की बशी वाजायची. आठवड्याचा शीण असेल, असं तिला वाटायचं. कामाच्या दिवशी कधी त्याची बशी वाजलेली तिने ऐकली नव्हती.

आतून बादलीचा आवाज थांबला.

ताईने ताट जवळ ओढलं. दिव्याच्या दिशेने एकदा पाहिलं. हात जोडले नाहीत, माफीही मागितली नाही, कारण काय मागावं तेच तिला कळेना. तिने घास मोडला आणि तोंडात घातला. इतक्या वर्षांत ही चव तिने या वेळेला घेतली नव्हती. तिने दुसरा घास घेतला.

बापू पंचा खांद्यावर टाकून बाहेर आला आणि दारातच थबकला.

"ताई. अगं गोळी अजून नाही घेतली मी."

"माहीत आहे."

"मग जेवतेस काय?"

"बस," ताई म्हणाली. "मला भूक लागली होती."

तो बसला नाही. भावजयीकडे पाहू लागला. भावजयीने पाठ फिरवली आणि विनाकारण डबा घासायला घेतला. ताई जेवत राहिली. भाजी संपवली, पोळी संपवली, पाणी प्यायली. ती सावकाश जेवत होती, आणि तिला एवढं जेवताना बघून बापूचा चेहरा आकडीनंतर होतो तसा, पांढरा आणि रिकामा झाला.

"आता मी उपाशी नाही," ताई म्हणाली. "आता तू काय सांगशील त्याने माझं काही अडणार नाही. सकाळची घेतोस?"

बापूने खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"नाही," बापू म्हणाला. मग तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी धरून. "कधीमधी घेतो. रोज नाही."

"विसरतोस?"

"विसरत नाही गं. गोळी घेऊन टेबलाशी बसलो की हात ऐकत नाही. मेण वितळलेलं असतं, दात चिमट्यात असतो, आणि हात असा." त्याने हात हलवून दाखवला. "डोळ्यांवर झापड येते ती वेगळीच. म्हणून मी आधी काम उरकून दुपारी घ्यायला लागलो. नुसती उशिरा. तेव्हा तू पडलीस. मावशींचा फोन आला, ताई रुळाखाली जायची वाचली म्हणून."

"हं."

"मग ठरवलं, फोन वेळेवर करायचा. गोळी मागाहून घेऊ."

"आणि मागाहून?"

"घ्यायचो सुरुवातीला. पण एकदा 'घेतली' म्हटलं ना, की घेतल्यासारखंच वाटायचं. मग राहून जायची. मग दोन दिवस काही झालं नाही की वाटायचं, नाहीच लागत मला. आणि झालं की तू काहीतरी सोडायचीस. तू चहा सोडलास तेव्हा मी सांगणार होतो. म्हटलं, आता सांगितलं तर ही पाणी सोडेल."

दिवा लागून गेला होता, कठोर बोलायला आता व्रताची आडकाठी नव्हती. तिने मनात कठोर शब्द शोधून पाहिले. एकही वर येईना. नुसता थकवा आला. इतकी वर्षं रोज सकाळी यंत्रापाशी उभं राहून पोटात पीळ पडायचा आणि तिला वाटायचं, या पिळाच्या बळावर तिकडे भाऊ उभा आहे. तिकडे तो तिच्या पोटाला भिऊन खोटं बोलत होता.

"हिला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून," भावजय पाठमोरीच म्हणाली. "मी दाताच्या कण्या केल्या त्याच्यापुढे. तो म्हणायचा, ताईला कळलं तर ती उपाशी मरेल. मलाही तसंच वाटायचं."

"दुप्पट गोळी घेऊ का आता?" बापूने विचारलं. त्याच्या आवाजात घेतो म्हणून सांगायची जुनी घाई होती.

"मला नको विचारू. डॉक्टरबाईंना विचार. मला सांगितलंस तसंच सांग, हात कसा होतो ते दाखव. मी येते, पण आत येणार नाही."

दवाखान्यात ती खरोखरच आत गेली नाही. बाकावर बसून राहिली. शेजारी एक म्हातारी पिशवीतून केळं काढून खात होती, तिने अर्धं पुढे केलं आणि ताईने घेतलं. दाराआडून डॉक्टरबाईंचा आवाज अधूनमधून येत होता. चढलेला नव्हता. नंतर बापूने सांगितलं ते असं, की दुप्पट डोस रद्द झाला. हात न थरथरणारं दुसरं औषध आहे, पण ते हळूहळू वाढवायचं आणि जुनं हळूहळू कमी करायचं, तोवर दोन्ही घ्यावी लागतील, तोवर दिवा नाही. नव्यानेही आकडी थांबेलच असं बाई म्हणाल्या नाहीत. बघू म्हणाल्या.

"रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, मी दर वेळी विचारत होते तुम्हाला. मी म्हटलं, दर वेळी ताई शेजारी होती. मग त्याच म्हणाल्या, हो, माझ्याही ते लक्षात यायला हवं होतं."

मालकाने त्याला साचे ओतायला बसवलं. प्लास्टर कालवायचं, ओतायचं, वाट बघायची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आगीपासून दूर. त्याचं खिडकीतलं टेबल एका नव्या मुलीला दिलं. मास्तरांचा खालचा जबडा तिने बसवला, आणि मास्तर लग्नात हात तोंडापुढे धरून हसले म्हणे.

व्रत मोडलेलं होतंच, पण मोडलेलं तसंच टाकून द्यायला ताईचं मन घेईना. एका पहाटे दिवा लावल्यावर ती म्हणाली, "देवा, हे परत घे. मनापासून केलं होतं. पण माझ्या आणि तुझ्या मधे माणूस चेंगरत होता, ते मला दिसलं नाही." मग तिने दुसरा शब्द दिला. बापूला गोळीचं आपण होऊन विचारायचं नाही. देवाने हो म्हटलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. दिवा नेहमीसारखाच जळत होता.

उपास सोपा होता, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. पोटाला सवय होते. जिभेला होत नाही. सकाळी न्याहारी करून ती कामावर जाई, गरम रुळांखालून चादरी येत राहत, आणि एकेका चादरीबरोबर प्रश्न ओठांशी येऊन परत फिरे. ती तिथल्या तिथे देवाचं नाव घेई. कधी कधी नाव घेतानाही तेच डोक्यात असे.

"आता कशाला टक लावून बसता त्या फोनकडे?" मावशी म्हणाली. "जेवताय ना?"

"जेवतेय की."

फोन वाजला तेव्हा डबा अर्धा झाला होता.

"जेवलीस?" बापू म्हणाला.

"जेवतेय. तू?"

"जेवलो." मग तो साच्यांबद्दल बोलला. एका साच्यात बुडबुडा राहिला होता, पुन्हा ओतावा लागला. नवी पोरगी चांगलं काम करते, पण सुळे फार टोकदार ठेवते, गिऱ्हाईक वाघासारखं दिसतं. ताई 'हं' म्हणत होती. प्रश्न घासासोबत तोंडात होता आणि ती चावत होती. पलीकडे बोलणं संपलं. कुणीच फोन ठेवला नाही.

"ताई."

"हं."

"आज नाही घेतली सकाळची. या खेपेला खरंच विसरलो. गोळ्यांचं पाकीट खिशातच आहे."

ताईने घास गिळला. आधी काहीतरी वेगळंच जिभेवर आलं होतं, ते तिने घासाबरोबर आत जाऊ दिलं.

"आता घेतलेली चालते का?"

"चालते. बाईंनी सांगितलंय, आठवली की घ्यायची. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर मात्र नाही."

"बरं."

तिला पाकिटाचा चुरचुर आवाज ऐकू आला, मग नळाचा, मग पाणी गिळल्याचा. मावशी समोरून तिच्याकडे बघत होती. ताईने फोन कानाला तसाच धरून उरलेली भाजी पोळीवर घेतली आणि जेवण पुरं केलं.